मचाणावरचा कॅमेरा

तीस मीटरवर उभं असलेलं हरीण उघड्या डोळ्यांना चांगलं दिसतं. कानांची टोकं हलतात ती दिसतात, थंडी असेल तर नाकपुड्यांतून निघणारी वाफही दिसते. टोपीला लावलेल्या अॅक्शन कॅमेऱ्यात मात्र तेच हरीण हरवतं. या छोट्या कॅमेऱ्यांची भिंगं मुद्दाम रुंद नजरेची केलेली असतात, साधारण १२० अंशांची. एवढ्या रुंद नजरेला तीस मीटरवरची शंभर मीटरची झाडी एका चौकटीत मावते. त्यात दीड मीटर लांबीचं हरीण म्हणजे चौकटीचा जेमतेम दीड टक्का. ४के चित्रात आडवे ३,८४० बिंदू असतात; हरणाच्या वाट्याला त्यांतले पन्नास-पंचावन्न येतात. आता त्या बिंदूंतून शिंगांना किती फाटे होते ते दाखवा!

अमेरिकेत शिकारीच्या हंगामाआधी कॅमेरा घ्यायला निघालेला नवखा माणूस बहुतेक वेळा हाच कॅमेरा उचलतो. लहान आहे, भिजला तरी चालतो, जाहिरातीत कड्यावरून उडी मारणारी मंडळी तोच लावतात. मग घरी परतल्यावर टीव्हीवर बोट ठेवून तो सगळ्यांना सांगत बसतो, ‘तो बघा, त्या झाडाच्या डावीकडे, तपकिरी काहीतरी हललं ना, तोच.’

मराठी वाचकाला हा छंद परका वाटेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपवली, आणि ती संपलेलीच बरी असं माझं मत आहे. अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथल्या २०२२च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सोळा वर्षांवरचे सुमारे १ कोटी ४४ लाख लोक शिकारी म्हणून मोजले गेले. परवाना, ठरलेला हंगाम, किती जनावरं मारायची त्याची मर्यादा, सगळं कायद्याने बांधलेलं. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा. त्या आठवड्यात ऑफिसातल्या काही खुर्च्या रिकाम्या का असतात, हे तिकडे नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच वर्षी कळतं.

या शिकाऱ्यांपैकी अनेकांना आपली शिकार चित्रित करायची असते. आठवण म्हणून, मित्रांना दाखवायला म्हणून, आणि आणखी एका व्यावहारिक कारणासाठी. त्याकडे पुढे येतो. मी इथे बोलणार आहे ते पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल, आणि झाडाला बांधलेल्या मचाणावर एकट्याने बसणाऱ्या माणसाबद्दल. डोंगरातल्या शिकारीचा, बदकांच्या शिकारीचा हिशेब थोडा निराळा पडतो.

शिकार टिपायला कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. कार्ल अॅकली हा अमेरिकन माणूस वस्तुसंग्रहालयांसाठी जनावरांची कातडी घडवलेल्या पुतळ्यांवर चढवून हुबेहूब प्राणी उभे करायचा; न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतलं आफ्रिकन दालन त्याच्याच कल्पनेतून आलं. १९१०च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत नांदी जमातीचे लोक भाल्यांनी सिंहाची शिकार करतात ती त्याला चित्रित करायची होती. भाले सुटले, सिंह पडले, आणि चित्रपटाचा कॅमेरा मात्र तिपाईवर ठोंब्यासारखा एकाच दिशेला बघत राहिला. त्या काळचे कॅमेरे स्टुडिओसाठी बनलेले. ते डावी-उजवीकडे फिरवायला एक हँडल, वर-खाली करायला दुसरं, फिल्म चालवायला तिसरं. माणसाला हात दोनच.

अॅकलीने परत येऊन स्वतःच कॅमेरा बनवला. गोल, डब्यासारखा चपटा. लोक त्याला ‘पॅनकेक’ म्हणायचे. तिपाईच्या डोक्यात दातेरी चक्रं आणि जड फिरती चाकं बसवून त्याने अशी सोय केली की एकाच दांड्याने कॅमेरा कुठेही, झटका न बसता, सरकत जावा. बघायचं भिंग आणि टिपायचं भिंग एकमेकांना जोडलेलं, त्यामुळे पळणाऱ्या जनावरामागे कॅमेरा फिरवतानाच फोकस धरता यायचा. शटर त्याने कॅमेऱ्याच्या गोल काठावरून फिरवलं. त्यामुळे ते २३० अंशांपर्यंत उघडं राहायचं आणि नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा जवळपास एक-तृतीयांश जास्त उजेड फिल्मवर पडायचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने तो वापरला, रॉबर्ट फ्लाहर्टीने ‘नानूक ऑफ द नॉर्थ’साठी तो आर्क्टिकला नेला, आणि १९२१मध्ये खुद्द अॅकलीने त्यावर काँगोतल्या गोरिलांचं चित्रण केलं. आज दुकानातला विक्रेता पिक्सेल मोजून दाखवतो, पण मचाणावरच्या माणसाची अडचण अॅकलीला होती तीच आहे: उजेड कमी, जनावर लांब, आणि हात गुंतलेले.

यांतला उजेड आधी बघू, कारण बहुतेक जण फसतात ते तिथेच.

हरणं दिवसाच्या दोन टोकांना हिंडतात. बऱ्याच राज्यांत कायदाही सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडू देतो. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्स उजेड असतो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा तो साधारण ४०० लक्सवर आलेला असतो, आणि आणखी अर्ध्या तासाने तीन-साडेतीनवर. म्हणजे ज्या अर्ध्या तासासाठी माणूस दिवसभर कुडकुडत बसला, त्याच अर्ध्या तासात उजेड शंभरपटींहून जास्त घटतो. हे मोकळ्या शेतात. ओक आणि मेपलच्या झाडीत याहून वाईट. डोळा हळूहळू अंधाराला सरावतो, त्यामुळे शिकाऱ्याला वाटतं अजून छान दिसतंय. कॅमेऱ्यात मात्र तोवर राखाडी गाळ बसलेला असतो. सराईत मंडळी म्हणूनच कायद्याची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ वेगळी धरतात. ‘कॅमेऱ्याचा उजेड संपला’ म्हणून समोरचं हरीण सोडून देणारेही असतात, आणि तो उजेड पाच-दहा मिनिटांनी वाढावा म्हणून हजारो डॉलर मोजणारेही.

तो वाढतो कशाने? मुख्यतः सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपच्या, आकाराने. पावसात परात आणि वाटी शेजारी ठेवली तर परातीत जास्त पाणी जमतं, तितकं हे सरळ आहे. अॅक्शन कॅमेऱ्यांत वर्षानुवर्षं जो सेन्सर येत राहिला, त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. ज्याला बाजारात ‘एक इंची’ म्हणतात (प्रत्यक्षात तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर भरतो, इंचाचा काय संबंध ते विचारू नका) त्याचं ११६. मोठ्या मिररलेस कॅमेऱ्यातल्या फुल फ्रेम सेन्सरचं ८६४. बाकी सगळं सारखं असेल तर पहिल्यापेक्षा दुसऱ्याला चौपट आणि तिसऱ्याला तीसपट उजेड मिळतो. खोक्यावर तिन्ही ठिकाणी ४केच लिहिलेलं असतं.

सेन्सर मोठा झाला की लांबचं जवळ आणायला भिंगही मोठं लागतं, आणि इथून दुसऱ्या अडचणीची सुरुवात होते. तीस मीटरवरचं हरीण चौकटीत निम्म्याहून जास्त भरायचं असेल तर फुल फ्रेमच्या मापाने ४०० मिलिमीटरचं भिंग हवं. त्याच्या नजरेत तीस मीटरवर जेमतेम पावणेतीन मीटरची रुंदी येते. फुल फ्रेमवर हे जवळपास भागवायचं तरी ३०० मिलिमीटर, एफ/२.८ (हा आकडा अॅपर्चरचा, म्हणजे भिंगाच्या उजेड आत घेणाऱ्या तोंडाचा; तो जितका लहान तितका उजेड जास्त) अशा भिंगांकडे बघावं लागतं, आणि जुन्या पिढीतली ही भिंगं एकेक दोन किलोंच्या वर जातात. पहाटेच्या अंधारात, पाठीवर मचाणाचं सामान घेऊन, सहा-सात मीटर झाडावर चढणाऱ्याला हे सांगून बघा.

म्हणून मधला मार्ग निघाला आणि तो बरीच वर्षं टिकून आहे: एक इंची सेन्सर आणि न बदलणारं झूम भिंग. सोनीचा एएक्स१०० हा २०१४चा कॅमकॉर्डर घ्या. २९पासून ३४८ मिलिमीटरपर्यंत झूम, बारापट, हातात मावणारा. किंवा त्याच कंपनीचा आरएक्स१०च्या मालिकेतला चौथा, २०१७चा. दिसायला फोटोचा कॅमेरा, पण झूम ६०० मिलिमीटरपर्यंत आणि तिथेही अॅपर्चर एफ/४. नवे-जुने असे कितीतरी आहेत. नावांपेक्षा दोन आकडे बघायची सवय लावून घ्यावी.

पहिला आकडा ऑप्टिकल झूमचा. डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र कापून ताणणं. ते घरी संगणकावर फुकट करता येतं. दुसरा आकडा झूम पूर्ण ताणल्यावरच्या अॅपर्चरचा. खोक्यावर ठळक छापलेला एफ/२.८ हा बहुतेक वेळा झूमच्या जवळच्या टोकाचा असतो. लांबच्या टोकाला तोच एफ/४.५ झाला तर उजेड अडीचपटींहून जास्त घटला. हरीण बघायचं असतं ते लांबच्याच टोकाला. त्यामुळे दुकानात झूम पूर्ण ताणून पडद्यावर कोणता आकडा उरतो तो वाचावा, आणि तोच कॅमेऱ्याचा खरा आकडा धरावा.

आता हात. बंदूक असो वा धनुष्य, शेवटच्या क्षणी दोन्ही हात तिथे गुंतलेले असतात. कंपाउंड धनुष्याची दोरी एकदा ताणली की कॅमेऱ्याकडे बोटही नेता येत नाही. एकट्याने चित्रण करणाऱ्याचं तंत्र असं: झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने आवळलेला, सांध्यांचा एक लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा हात, त्याच्या टोकाला तेलाच्या घर्षणावर सरकणारं डोकं, त्यावर कॅमेरा. हरीण येताना दिसलं की डाव्या हाताने कॅमेरा त्याच्यामागे हळूहळू फिरवायचा. ते कुठे थांबेल त्याचा अंदाज घेऊन चौकट थोडी सैल ठेवायची, कॅमेरा सोडायचा, आणि मग धनुष्य उचलायचं. चौकट घट्ट बांधली आणि हरीण दोन पावलं सरकलं की पुढचं सगळं चौकटीबाहेर घडतं. हा कॅमेऱ्याचा हात आणि ते डोकं कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे. स्वस्त डोकं थंडीत अडकतं आणि सुटताना झटका देतं. झटका म्हणजे हालचाल, आणि हालचाल हरणाला सगळ्यात आधी कळते.

कॅमेऱ्याच्या अंगावरच्या गोष्टी इथे तपासायच्या. चालू केल्यावर किती सेकंदांत तयार होतो? झूमचं बटण हातमोजा घालून दाबता येतं का? दूरनियंत्रकाची तार लावून झूम आणि रेकॉर्डिंग दांड्यावरूनच करता येतं का? कॅनन-सोनीसारख्यांच्या काही कॅमकॉर्डरमध्ये ‘प्री-रेकॉर्ड’ असतं: कॅमेरा सतत शेवटची काही सेकंदं आठवणीत ठेवतो आणि बटण दाबलं की ती मागची सेकंदंही जपली जातात. शिकारीला याच्याइतकी कामाची सोय दुसरी नाही. जुन्या फोटो-कॅमेऱ्यांत आणखी एक खोड सापडते. व्हिडिओ बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो. यात यंत्राचा दोष नाही. अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची जास्त जकात लागायची, ती चुकवायला कंपन्यांनी हे कुलूप घातलं. शिकाऱ्याचं मात्र नेमकं तिसाव्या मिनिटाला हरीण येतं.

फोकसचं दुखणंही हातांशीच जोडलेलं आहे. मचाण आणि हरीण यांच्यामध्ये फांद्या असतात, आणि स्वयंचलित फोकस जवळच्या फांदीवर जाऊन बसतो. मागचं हरीण धुक्यात. ज्या कॅमेऱ्यात भिंगाभोवतीची कडी फिरवून फोकस हाताने धरता येतो, किंवा पडद्यावर बोट टेकवून ‘इथे’ असं सांगता येतं, तोच घ्यावा. मोबाइलची गाडी अडते ती अंतरावर आणि कमी उजेडात. नाहीतर नव्या मोबाइलचं चित्र दिवसाउजेडी उत्तम असतं, आणि शिकार झाल्यानंतरची गप्पांची, चेहऱ्यांची दृश्यं त्यावर घेणंच शहाणपणाचं.

एक जण कॅमेऱ्यासाठी आणि एक जण बंदुकीसाठी, अशी जोडी असली तर यातलं निम्मं दुखणं जातं. टीव्हीवरचे कार्यक्रम असेच बनतात. पण मग झाडावर दोन माणसं, दुप्पट वास, दुप्पट हालचाल. हौशी माणसाला रोज पहाटे चारला उठणारा मित्र कुठून मिळणार?

मग कॅमेरा बंदुकीलाच बांधला तर? तशी खास यंत्रं मिळतात. लहान टॉर्चसारखी, बंदुकीच्या नळीखाली किंवा धनुष्याच्या पुढच्या दांडीला लागणारी, अॅक्शन कॅमेऱ्यापेक्षा अरुंद नजरेची. टॅक्टाकॅम हे त्यातलं एक नाव. कल्पना जुनीच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८२मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला होता, चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रं. सोव्हिएत कारखान्यातून १९६०च्या दशकात निघालेल्या झेनित फोटोस्नायपरला तर ३०० मिलिमीटरचं भिंग, खांद्याला टेकवायचा दस्ता आणि चाप होता. पण त्यांच्या पुढे गोळी सुटणारी नळी नव्हती. खऱ्या बंदुकीवरचा कॅमेरा फक्त नळी जिकडे आहे तिकडेच बघतो, आणि ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, हा बंदूक हाताळण्याचा पहिला नियम. त्यामुळे हरीण झाडीतून कसं आलं, कुठे थांबलं, कान कसे टवकारले यातलं काहीच या कॅमेऱ्यात येत नाही. नेम धरल्यापासूनचे तीन-चार सेकंद येतात, नंतर धक्का आणि आभाळ. जोडीला दुसरा कॅमेरा असेल तर हा बरा, एकटा नको.

ते तीन-चार सेकंद मात्र मोलाचे असतात, आणि मघाशी म्हटलेलं व्यावहारिक कारण ते हेच. बाण किंवा गोळी नक्की कुठे लागली, हे झाडणाऱ्याला बहुतेक वेळा कळत नाही. हृदय किंवा फुप्फुसाला लागली तर हरीण शंभरेक मीटरच्या आत पडतं आणि अर्ध्या तासाने माग काढायला हरकत नसते. पोटाला लागली असेल तर कित्येक तास थांबावं लागतं. घाईने मागे गेलात तर जखमी जनावर उठून मैल-दोन मैल पळतं, हाती लागत नाही आणि कुठेतरी हाल होऊन मरतं. मचाणावर बसल्या बसल्या चित्रण मागे घेऊन, एकेक फ्रेम पुढे सरकवून बघता आलं तर हा निर्णय अंदाजाने करावा लागत नाही. माझ्या मते शिकाऱ्याने कॅमेरा बाळगण्याचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे, आणि निवडताना त्याचाच विचार सगळ्यात कमी होतो.

त्यासाठी फ्रेमचा वेग महत्त्वाचा. आजच्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर जातो. अठरा मीटरवरच्या हरणापर्यंत पोचायला त्याला एक पंचमांश सेकंद लागतो. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात बाणाचा सगळा प्रवास सहा फ्रेममध्ये आटोपतो, प्रत्येक फ्रेमला तो तीन मीटर पुढे. ६० फ्रेमवर बारा, १२० फ्रेमवर चोवीस. मग १२०च का नको? कारण सेकंदाला १२० चित्रं घ्यायची तर प्रत्येक चित्राला उजेड जास्तीत जास्त १/१२० सेकंदच मिळणार. ३०च्या तुलनेत पाव. पुन्हा त्या संध्याकाळच्या तीन लक्सशी गाठ. बहुतेकांना ६० फ्रेम परवडतात. ४के आणि ३० फ्रेम की साधं १०८० आणि ६० फ्रेम, अशी निवड आली तर मी दुसरं घेईन. लोक उलट करतात.

बाण दिसावा म्हणून आणखी एक युक्ती निघाली. बाणाच्या शेपटीला, दोरीत बसणाऱ्या खाचेत, सुटताक्षणी पेटणारा इवलासा दिवा. संधिप्रकाशात त्याची लाल-हिरवी रेघ थेट हरणाच्या अंगापर्यंत दिसते. धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लब विजेवर चालणारी कुठलीही वस्तू धनुष्यावर किंवा बाणावर मान्य करत नसे. २०१४मध्ये त्याने दोन गोष्टींना सूट दिली: हा दिवा आणि धनुष्यावरचा कॅमेरा. अट एवढीच की त्यांनी सावजावर उजेड पाडू नये आणि नेम धरायला मदत करू नये.

आवाजाचं प्रकरण दुहेरी आहे. कॅमेऱ्याने आवाज टिपायला हवा आणि स्वतः करायला नको. दुसरी गोष्ट जिम कॉर्बेटइतकी कोणी मनावर घेतली नसेल. नरभक्षकांमागे हिंडलेला हा माणूस पुढे बंदूक बाजूला ठेवून १६ मिलिमीटरचा सिनेकॅमेरा घेऊन कुमाऊंच्या रानात बसू लागला. कॅमेऱ्याची घरघर ऐकून वाघ निघून जायचे. १९३८च्या सुमारास त्याने एका ओढ्याचं पाणी वळवून आपल्या लपण्याच्या जागेजवळ छोटे छोटे धबधबे केले. पाण्याच्या खळखळीत कॅमेऱ्याची घरघर बुडाली आणि दहा ते साठ फुटांवरून सात वाघ त्याने चित्रित केले. आजच्या कॅमेऱ्यात घरघर नाही, पण कारखान्यातून येतानाच त्यात ‘टिंग’ भरलेली असते: चालू केल्यावर, फोकस लागल्यावर, रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर. घरातच मेनूत जाऊन हे सगळं बंद करावं. समोरचा लाल दिवाही बंद करावा, आणि मागच्या पडद्याचा उजेड शक्य तितका उतरवावा. हरणाला लाल-नारिंगी रंग नीट वेगळे कळत नाहीत, म्हणून तर शिकारी भडक नारिंगी जाकिटं घालून बसू शकतात. पण निळसर उजेड त्याला छान दिसतो, आणि कॅमेऱ्याचा पडदा अंधारात निळाच भासतो. डोळा लावून बघायचं व्ह्यूफाइंडर असेल तर हा प्रश्नच मिटतो, पण कंपन्यांनी खर्च वाचवायला स्वस्त कॅमकॉर्डरमधून ते काढून टाकलं आहे.

टिपायच्या आवाजाचं म्हणाल तर शिकारी कुजबुजतो आणि बंदूक १५० डेसिबलच्या वर गरजते. स्वयंचलित पातळी कुजबुज ऐकायला कान ताणून बसलेली असते, आणि बार उडाला की सगळं फाटतं. माइक लावायची खाच आणि पातळी हाताने ठरवायची सोय, या दोन गोष्टी कॅमेऱ्यात हव्यातच. माइकवर केसाळ टोपडं हवं, नाहीतर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

थंडीबद्दल थोडक्यात. लिथियम-आयन बॅटरी गोठणबिंदूखाली भराभर उतरते. जादाच्या बॅटऱ्या जाकिटाच्या आत, छातीशी ठेवायच्या. थंड कॅमेरा उबदार खोलीत आणला की भिंगावर दव धरतं, म्हणून पिशवी बंदच ठेवून तो आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. ४केचं १०० मेगाबिटचं चित्रण तासाला ४५ जीबी खातं, तेव्हा कार्डंही त्या मानाने घ्यायची.

झाडाला बांधून ठेवायचे, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे ट्रेल कॅमेरे हे वेगळंच प्रकरण आहे. ते शिकार टिपत नाहीत, शिकारीच्या आधीची टेहळणी करतात. नवे तर मोबाइलच्या जाळ्यावरून फोटो थेट खिशात पाठवतात. यात खेळ कुठे राहिला, असा प्रश्न खुद्द शिकाऱ्यांनीच विचारला. ऍरिझोनासारख्या कोरड्या राज्यात एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची गर्दी व्हायला लागली, तेव्हा तिथल्या आयोगाने १ जानेवारी २०२२पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी घातली. यूटा आणि नेवाडात हंगामापुरती बंदी आहे. तेव्हा कॅमेरा घेण्याआधी आपल्या राज्याचं त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडावं. तिथे ते परवान्याबरोबर फुकट मिळतं.

आणि कॅमेरा साक्षीदारही असतो. कॅनडाच्या नुनावुत भागात २०१३मध्ये टीव्हीवरच्या एका अमेरिकन शिकाऱ्याने एकाच कॅरिबू हरणाची परवानगी असताना दोन मारले, आणि त्याच्याच कार्यक्रमासाठी झालेलं चित्रण पुढे खटल्यात त्याच्यावर उलटलं. त्याने गुन्हा कबूल केला. कॅमेरा समोर असला की मोठ्या शिंगांचा मोह वाढतो, असं तिथले जुने शिकारी म्हणतात. मला ते पटतं.

आपल्याकडे यातलं काय लागू पडतं? ताडोबात किंवा पेंचमध्ये पहाटेच्या जिप्सीत बसणाऱ्याला उजेडाचा आणि अंतराचा हिशेब जसाच्या तसा लागू आहे, फक्त हात मोकळे असतात आणि झाडाऐवजी गाडीचा गज मिळतो. तिथेही अॅक्शन कॅमेऱ्यातला वाघ पन्नास बिंदूंचाच येतो.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने पैसे कसे वाटावेत? मी नव्या ४के कॅमेऱ्याच्या नादी न लागता एक इंची सेन्सरचा वापरलेला कॅमकॉर्डर बघेन, वाचलेल्या पैशांत चांगला झाडाचा हात आणि तिपाईचं डोकं घेईन, आणि उरलं तर माइक. अमेरिकेत बहुतेक दुकानं दोन ते चार आठवड्यांत माल परत घेतात. त्या मुदतीत एक परीक्षा करता येते. तपकिरी रंगाचं, हरणाएवढं पोतं अंगणाच्या टोकाला, तीस मीटरवर, झाडीला टेकवून उभं करायचं. सूर्य मावळायच्या दहा मिनिटं आधी कॅमेरा झूम पूर्ण ताणून लावायचा, सेकंदाला ६० फ्रेमवर, आणि मावळल्यावर अर्धा तास चालू ठेवायचा. मोबाइलवरचं घड्याळ मध्ये मध्ये चौकटीत धरायचं. मग घरात येऊन टीव्हीवर लावायचं आणि पोतं नि मागची झाडी वेगळी दिसायची कितव्या मिनिटाला थांबते ते कागदावर लिहायचं. दोन-तीन कॅमेरे असतील तर ओळीने लावून एकाच संध्याकाळी हे करावं, कारण ढग रोज सारखे नसतात.